मोज्याचा बोलका बाहुला: अर्धवटराव बघत वाढलेल्यांनी घरी करून बघायलाच हवा

आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, त्यामुळे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे रामदास पाध्ये आणि त्यांचा बाहुला अर्धवटराव मी पहिल्यांदा बघितले ते शेजारच्या काकूंकडे, सतरंजीवर दहा-बारा पोरांच्या दाटीत. मी आणि दादाने ठरवलं होतं की आज काही झालं तरी पाध्यांच्या ओठांकडेच बघायचं, हलताना पकडायचेच. दोन मिनिटं बघितलं असेल, मग अर्धवटराव काहीतरी उलटं बोलला आणि आम्ही जे त्याच्याकडे बघायला लागलो ते कार्यक्रम संपेपर्यंत, ओठ राहूनच गेले. खूप वर्षांनी भाचीसाठी स्वतः बाहुला केला तेव्हा कळलं हे कसं होतं ते. अर्धवटराव बोलतो तेव्हा पाध्ये स्वतः त्याच्याकडे बघतात, त्याचं ऐकून घेतात, त्याचा राग येतो तसा चेहरा करतात, आणि माणूस जिकडे बघतो तिकडे आपण बघतोच. बाकी सगळी कृती खाली देते, पण एवढी एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा.

अर्धवटराव खरं तर टीव्हीच्या कितीतरी आधीचा. रामदास पाध्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी तो १९१६ साली घडवला, आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ ला. लिज्जत पापडाचा तो ससा आणि तात्या विंचूचा बाहुला पण रामदास पाध्यांच्याच हातचे, आपल्या पिढीचं निम्मं बालपण त्या एका घरातून आलंय. तसा कोरीव चेहऱ्याचा, आतून यंत्राने डोळे-भुवया हलणारा बाहुला घरी करणं अवघड आहे, म्हणून आपण मोज्याचा करायचा.

सामान: शाळेचा गुडघ्यापर्यंतचा एक सुती मोजा, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, लाल कापडाचा तुकडा, टेबल टेनिसचा एक बॉल, थोडी लोकर, दोन इंच रुंद इलॅस्टिक, सुई-दोरा, फेविकॉल.

पुठ्ठ्यातून साधारण १६ सेमी लांब आणि ८ सेमी रुंद असा लांबट गोल कापा, मधोमध दुमडा, झालं तोंड. आतल्या बाजूला लाल कापड चिकटवा. बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपला हात येणार त्या बाजूला, वर चार बोटांसाठी आणि खाली अंगठ्यासाठी इलॅस्टिकचे पट्टे लावा, हे कुणी सांगत नाही पण पट्टा नसेल तर तोंड उघडताना बोटं निसटतात आणि बाहुला बोलता बोलता बोबडा होतो. मग मोज्याचं पुढचं टोक आडवं कापा, पुठ्ठा त्यात बसवा आणि मोज्याची कड पुठ्ठ्याच्या कडेला सगळीकडून चिकटवा. रात्रभर वाळू द्या. घाई केली की पहिल्याच प्रयोगात जबडा सुटतो, माझा सुटलाय.

आता डोळे, आणि इथे वेळ घालवा. बॉल जोडाच्या रेषेवर कापून दोन वाट्या करायच्या. अमेरिकेतल्या मपेट्स या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन, त्याने १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून कर्मिट हा बाहुला शिवला तेव्हा त्यालाही असेच बॉलचे डोळे लावले होते (पुढे बेडूक म्हणून गाजला, पण तेव्हा तो बेडूकसुद्धा नव्हता). हेन्सनकडे डॉन साहलिन नावाचा बाहुल्या घडवणारा होता, डोळे आणि नाक यांचा त्रिकोण तो फार जपून ठरवायचा, कारण त्यावरच बाहुला कुणाकडे तरी बघतोय असं वाटतं. आपण काय करायचं, तर बुबुळं लगेच रंगवायची नाहीत. काळ्या कागदाच्या टिकल्या कापा, त्या किंचित नाकाकडे सरकवून नुसत्या टेकवा, बाहुला कुणालातरी धरायला लावा आणि चार पावलं लांब जाऊन बघा. अगदी मधोमध लावल्या तर नजर शून्यात जाते. थोड्या आत घेतल्या की एका क्षणी तो खरंच तुमच्याकडे बघतो, मला तर दचकायला झालं होतं. तिथेच चिकटवा. केस, नाक, टोपी वगैरे मग काहीही चालतं.

हात घातल्यावर पहिली चूक सगळ्यांची एकच, बाहुला छताकडे बघत बसतो. कोपरापासून हात सरळ उभा ठेवून मनगट पुढे वाकवायचं, वाटतं त्यापेक्षा जास्तच. दुसरी चूक म्हणजे बोलताना वरची बोटं उचलणं, त्याने डोकं मागे उडतं. बोटं स्थिर, फक्त अंगठा खाली. शब्द बाहेर पडताना तोंड उघडतं, मिटताना नाही, म्हणजे 'न-म-स्का-र' मध्ये 'स्का' ला चांगलं उघडा, बाकीचं थोडं थोडं. आरशासमोर रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको कारण दंड भरून येतो.

आवाजासाठी दोन रस्ते आहेत. एक मपेट्सवाला, आपण पडद्यामागे आणि ओठ मनसोक्त हलवायचे. दुसरा पाध्यांचा, शब्दभ्रमाचा, आपण समोर बसून ओठ न हलवता बोलायचं. दात हलके टेकवा, ओठ जरासे उघडे, आणि बोला. प फ ब भ म सोडून जवळजवळ सगळं येतं! म्हणून सुरुवातीला संवादच असे लिहा की ही पाच अक्षरं बाहुल्याच्या तोंडी येणार नाहीत. हा माझा आणि माझ्या बाहुल्याचा, काशीनाथचा:

मी: कुठे होतास इतका वेळ?
काशीनाथ: शाळेत.
मी: आज रविवार आहे.
काशीनाथ: हां, त्याच कारणाने शाळेत जागा खाली होती!

काशीनाथ हे नाव पण त्याच हिशोबाने ठेवलं, आधी पोपटराव ठेवणार होते. अर्धवटराव आणि तात्या विंचू ही नावं म्हणून बघा, दोन्हीत त्या पाचातलं एकही अक्षर नाही. सवय झाली की 'म' च्या जागी जीभ टाळूला दाबून 'न' म्हणायचं आणि मनात 'म' च धरायचा, 'नला दे' भराभर म्हटलं की ऐकणाऱ्याला 'मला दे' च ऐकू येतं. 'ब' ला 'द' आणि 'प' ला 'त', पण हे वाक्याच्या मधेच लपतं, सुरुवातीला उघडं पडतं.

पडद्यामागून करणार असाल तर दोन खुर्च्यांना दोरी बांधून चादर टाका आणि खाली स्टूलवर बसा. अमेरिकेतले मपेटवाले कलाकार खाली मॉनिटर ठेवून, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते बघत काम करतात, आपल्याला मोबाइल पुरतो. फक्त सेल्फी कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं दिसतं, मागच्या कॅमेऱ्याने शूट करून दुसऱ्या स्क्रीनवर बघितलंत तर हात उजवीकडे नेला की बाहुला डावीकडे जातो. त्याची सवय व्हायला आठवडा जातो.

आणि मुलांसमोर बाहुला हातातून काढू नका, कधीच. त्याला 'चला येतो' म्हणायला लावा, पायऱ्या उतरल्यासारखा हळूहळू खाली न्या आणि पिशवीत ठेवा. माझी भाची चार वर्षांची होती, प्रयोग संपल्यावर तिने पिशवीपाशी बसून हळूच विचारलं, आत अंधार आहे का रे? आतून काशीनाथने सांगितलं, नाही, छान झोप येते इथे.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हात घालायला मागितला. मोठ्या हाताचं तोंड तिला हलवता येईना, म्हणून तिच्याच मोज्याचा, ९ सेमी पुठ्ठ्याचा एक छोटा केला. तुम्ही पुठ्ठा कापायला बसाल तेव्हा तोही लगेच कापून ठेवा.