फरकातला फरक: निरीक्षणाच्या आकड्यांतून परिणाम कसा काढावा

रिग्रेशनमध्ये (आकड्यांमधला संबंध समीकरणात बसवण्याच्या पद्धतीत) हाताला लागतील तेवढी चले, म्हणजे बदलणाऱ्या राशी, कोंबायची आणि चलापुढे जो सहगुणक (गुणणारा आकडा) येईल त्याला ‘परिणाम’ म्हणायचे, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो विसरा. प्रयोग करता येत नसेल, तर आधी एक प्रश्न सोडवा: धोरण आलेच नसते तर काय झाले असते, आणि ते कुठल्या आकड्यांत दिसेल?

सरावासाठी डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा किमान वेतन आणि रोजगारावरचा १९९४ चा अभ्यास घ्या, त्याचे आकडे खुले आहेत. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसेच राहिले. दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट-फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि काही महिन्यांनी पाहणी झाली.

पायरी १. मोजायचे काय ते ठरवा. इथे पूर्णवेळ कामगार (व्यवस्थापक धरून) अधिक अर्धवेळ कामगारांची निम्मी संख्या.

पायरी २. दुकानामागे रोजगाराच्या चार सरासऱ्या काढा: दोन्ही राज्यांच्या, आधीची आणि नंतरची. न्यू जर्सी २०.४४ वरून २१.०३, पेनसिल्व्हेनिया २३.३३ वरून २१.१७. पहिला बदल +०.५९, दुसरा −२.१६. या दोन बदलांतला फरक, म्हणजेच ‘फरकातला फरक’, २.७६ (इथल्या पूर्णांकित आकड्यांतून २.७५ येतो). वेतन वाढले म्हणून रोजगार घटला, असे यात दिसत नाही.

पायरी ३. खरी मेहनत इथे आहे. हा २.७६ ‘परिणाम’ ठरतो तो एकाच गृहीतकावर: वेतनवाढ झाली नसती, तर न्यू जर्सीतला रोजगारही पेनसिल्व्हेनियाइतकाच घसरला असता. याला समांतर कल म्हणतात. दोन्ही राज्यांची पातळी सारखी असायला हवी, असा गैरसमज फार पसरलेला आहे. पातळी वेगळी चालते, बदल सारखा हवा. आणि हे गृहीतक सिद्ध करता येत नाही, कारण न घडलेली गोष्ट कोणत्याही तक्त्यात नसते. करता येते ती उलटतपासणी.

पहिली, जुने आकडे. धोरणाआधीच्या काही वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवून पाहा. त्या आधीपासूनच फाटत असतील, तर तो तुलना-गट (ज्याच्याशी तुलना करता तो, इथे पेनसिल्व्हेनिया) सोडा. आधीची एकच फेरी असेल (इथे तसेच आहे), तर ही तपासणी होत नाही, आणि लेखात तसे सरळ लिहा.

दुसरी, दुसरा तुलना-गट. न्यू जर्सीतल्याच ज्या दुकानांत सुरुवातीचे वेतन आधीपासून ५ डॉलर किंवा जास्त होते, त्यांना कायद्याचा फारसा धक्का नव्हता. त्यांचा रोजगार २.०४ ने घटला, म्हणजे जवळजवळ पेनसिल्व्हेनियाइतकाच. नेमके ४.२५ देणाऱ्या दुकानांत मात्र तो १.३२ ने वाढला. राज्याच्या सीमेपलीकडच्या आणि आतल्या अशा दोन्ही गटांकडून एकच उत्तर आले की विश्वास वाढतो.

तिसरी, माप बदलून बघा. टक्केवारीत न्यू जर्सी सुमारे २.९ ने वर, पेनसिल्व्हेनिया ९.३ ने खाली. सुरुवातीची पातळी वेगळी असली, तर आकड्यांत समांतर असलेले कल लॉगमध्ये (लॉगरिदममध्ये, ज्यात बदल साधारण टक्केवारीसारखा मोजला जातो) समांतर राहत नाहीत. एका मापातून दुसऱ्यात जाताना उत्तराची दिशा उलटली, तर निष्कर्ष मापावर उभा आहे असे समजा. शिवाय कायमच्या बंद पडलेल्या दुकानांचा रोजगार शून्य धरायचा असतो. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून लॉग घेतला की ती गुपचूप गळतात आणि वेतनवाढीने बंद पडलेले दुकानच हिशेबातून जाते. ही चूक फार महाग पडते.

पायरी ४. नियंत्रक चले (तुलनेत स्थिर धरायच्या गोष्टी) निवडा, पण धोरणाआधी ठरलेलीच. दुकान बर्गर किंगचे की वेंडीजचे, मालकी कंपनीची की नाही, हे चालेल. वाढीनंतरची जेवणाची किंमत चालणार नाही, कारण ती वेतनामुळेच हलू शकते. ती स्थिर धरली, तर जो परिणाम मोजायचा त्याचाच एक भाग तुम्ही कापता. ‘जितके जास्त नियंत्रण तितके चांगले’ हे म्हणणे साफ चूक आहे.

पायरी ५. रिग्रेशन चालवा: राज्याचा डमी (न्यू जर्सी असेल तर १, नाहीतर ०), ‘नंतर’चा डमी (वाढीनंतर १, आधी ०) आणि दोघांचा गुणाकार. उत्तर गुणाकाराच्या सहगुणकात असते. आर किंवा स्टाटा, संख्याशास्त्राच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ.

पायरी ६. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे याचे माप. या अभ्यासात तो १.३६ होता. दुकाने ४१० असली तरी धोरण राज्याच्या पातळीवर लागू झाले आणि राज्ये दोनच. पेनसिल्व्हेनियात त्याच काळात दुसरे काही घडले असेल, तर ४१० काय, चार हजार दुकानांनीही ते वेगळे होत नाही. राज्यानुसार क्लस्टर करावे (एका राज्यातली दुकाने एक गट धरून स्टँडर्ड एरर काढावा) म्हटले तर दोन क्लस्टरमधून विश्वासार्ह अंदाज येत नाही. उपाय एकच: जास्त राज्ये, जास्त वर्षे. २००० साली डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या अर्थशास्त्रज्ञांनी याच वेतनवाढीबद्दल दुकानांच्या पगारपत्रकांतून घट दाखवली, आणि कार्ड-क्रूगर यांनी सरकारी रोजगार नोंदी घेऊन तशी घट दिसत नसल्याचे उत्तर दिले. दोन्ही वाचा, आणि कोणाच्या रोजगाराच्या आकड्यात नेमके काय मोजले आहे ते आधी तपासा.