किडनीच्या रुग्णाचं रक्त आणि व्हिटॅमिन डी: घरी काय सांभाळायचं

अशक्तपणा आला की आपल्याकडे गूळ-शेंगदाणे आणि तासगावचे बेदाणे पुढे येतात. किडनीच्या रुग्णाला ते देऊ नका. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर, शेंगदाण्यात फॉस्फरसही, आणि हिमोग्लोबिन त्यानं वाढत नाही. कारण रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन किडनीच तयार करते. तेच कमी पडतं.

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (या दोन्हींतून शरीरातलं लोह कळतं), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) तपासून घ्या. पुरुषात हिमोग्लोबिन 13 ग्रॅमच्या (g/dL) खाली, बाईमाणसात 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. व्हिटॅमिन डी 20 नॅनोग्रॅमच्या (ng/mL) खाली म्हणजे कमतरता. पीटीएच फार वाढलं, तर एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनचा गुणही कमी येतो.

लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की वाया जाते. दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळी होते, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट झाली तर लगेच दाखवा. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. बाटली हलवू नका. टोचण्याआधी बीपी मोजा.

सगळ्यात मोठी चूक व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटच्या पुडीत होते. ती बहुधा आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर कॅल्शियम चढतं आणि उरलेली किडनीही जाते. पुडीवर पेनानं वार लिहून ठेवा. कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं क्रियाशील रूप) हे वेगळं औषध, डॉक्टरांनी लिहिलं तरच.