जर्सीची गोधडी, नातीसाठी

जावयांची हौस: बाळाच्या गोधडीत भारताच्या जुन्या निळ्या जर्सी हव्यात. लेकीला मात्र नाजूक, गुलाबी काहीतरी हवं होतं. पहिल्याच शिवणीत जर्सी ताणली, कडा लाटांसारख्या झाल्या. सगळं उसवलं. मग प्रत्येक तुकड्यामागे जुन्या सुती साडीचा तुकडा कच्च्या टाक्यांनी अडकवून जोडला. कड सरळ बसली. इस्त्री कोमटच, वर फडकं ठेवून, नाहीतर छापील आकडे चिकटतात. शेजारी इंदूरच्या राजवाड्याजवळून आणलेली फिकट गुलाबी मलमल लावली, आकड्यांभोवती साखळी टाक्याची वेल, कडेला माझ्या महेश्वरीचे काठ. काय खुललं ते निळं! अंगाला लागणारी बाजू पूर्ण मलमलीची, कारण पॉलिएस्टरमध्ये बाळाला घाम येतो. बारशाला पाळण्यात हीच अंथरली.