वाड्याचा नकाशा जीपीएसवर बसवायचा असेल तर

टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) पेठेतला वाडा मोजताना सोयीसाठी दर्शनी भिंतच पूर्व-पश्चिम धरतात. पेठांतले वाडे तसेही दिशेपेक्षा बोळाकडे बघून उभे राहिलेत. पण तोच नकाशा जीपीएसच्या निर्देशांकांवर ठेवला की सगळा वाडा तिरका पडतो. तो सरळ करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्स आणि मॅकवर 'ऑक' (awk) हे रकान्यांतला मजकूर आणि आकडे हाताळणारं साधन आधीपासून असतं. १९७७ सालचं हे साधन या कामाला पुरून उरतं.

आधी दोन सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फाइल करा. एकीत टोटल स्टेशनचे बिंदू, दुसरीत जीपीएसचे. प्रत्येक ओळीत बिंदूचं नाव, पूर्व, उत्तर, मीटरमध्ये; जीपीएसचे यूटीएममध्ये, म्हणजे नकाशाच्या सपाट जाळीवर मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत. शीर्षकाची ओळ काढून टाका. दोन्हींकडे मोजलेले सामाईक बिंदू निदान चार तरी हवेत, तेही एकमेकांपासून लांबचे. बोळात उपग्रह धड दिसत नाहीत, म्हणून जीपीएसचे बिंदू गच्चीवर किंवा मोकळ्या चौकात घ्या. आकडे इंग्रजीच ठेवा: देवनागरी आकडा ऑक गुपचूप शून्य धरतं, तक्रारही करत नाही.

दोन्ही फाइल 'सॉर्ट' (sort) कमांडने नावांनुसार लावा आणि 'जॉइन'ने (join) जोडा. विभाजक स्वल्पविराम आहे हे दोघांनाही सांगावं लागतं. आता एका ओळीत एकाच बिंदूचे दोन्ही निर्देशांक आले.

खरं काम कोन काढण्याचं. दोनच बिंदूंवरून तो काढता येतो, पण एक बिंदू चुकला की सगळंच फसतं. म्हणून सामाईक बिंदूंची दोन्हींकडची सरासरी काढा आणि प्रत्येक निर्देशांकातून आपापली सरासरी वजा करा. उरलेल्या टोटल स्टेशनच्या पूर्व-उत्तरला क, ख म्हणू. जीपीएसच्या ग, घ.

पहिली बेरीज: सगळ्या बिंदूंसाठी (क × घ − ख × ग)
दुसरी बेरीज: सगळ्या बिंदूंसाठी (क × ग + ख × घ)
कोन = ऑकमधलं एटॅन२ (atan2) (पहिली बेरीज, दुसरी बेरीज)

उत्तर रेडियनमध्ये येतं आणि घड्याळाच्या उलट दिशेने धन असतं. सर्व्हेवाल्यांचं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला कोन) घड्याळाच्या दिशेने वाढतं, त्यामुळे वहीतला कोन इथे टाकलात तर चिन्ह उलटं करा.

मग टोटल स्टेशनच्या सगळ्या बिंदूंतून तीच सरासरी वजा करून:

नवा पूर्व = क × कॉस(कोन) − ख × साइन(कोन) + जीपीएसची पूर्व सरासरी
नवा उत्तर = क × साइन(कोन) + ख × कॉस(कोन) + जीपीएसची उत्तर सरासरी

छापताना 'प्रिंट' नको, 'प्रिंटएफ' वापरा आणि तीन दशांश मागा. साधं प्रिंट अपूर्णांकाला सहाच सार्थ अंक देतं. पुण्याचा यूटीएम उत्तर निर्देशांक २० लाख ४८ हजारांच्या आसपास, म्हणजे मीटर तर जातातच, आकडाही घातांकाच्या रूपात येतो.

शेवटी सामाईक बिंदूंचे नवे निर्देशांक जीपीएसशी ताडून बघा. पुण्यात यूटीएमचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा १०० मीटरमागे साधारण ३ सेंटिमीटर कमी भरतं, तेवढा फरक चालवून घ्या. एकच बिंदू फार सुटला तर तो वगळून कोन पुन्हा काढा. सगळेच सुटले आणि वाडा आरशातल्यासारखा दिसला, तर एका फाइलमध्ये उत्तरचा रकाना पूर्वच्या आधी आलाय. काही टोटल स्टेशन तसंच लिहितात. रकाने अदलाबदल करून पुन्हा 'जॉइन'पासून सुरू करा.