३६ राज्यं, १८० जॉब: क्लस्टरवर स्टाटा चालवताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली, त्यात ६,३६,६९९ कुटुंबं आहेत. त्यातल्या बायकांच्या फाइलवर मला रक्तक्षयाचं एक बहुस्तरीय लॉजिट मॉडेल राज्यागणिक (केंद्रशासित प्रदेश धरून ३६) चालवायचं होतं, आणि स्टँडर्ड एररसाठी प्रत्येक राज्याचे ५०० बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढल्यासारखे नमुने काढून दर वेळी मॉडेल बसवायचं. माझ्या लॅपटॉपवर स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर प्रदेशाचं मॉडेल एकदा बसायला ११ मिनिटं लागली. पाचशे वेळा म्हणजे ५,५०० मिनिटं, जवळजवळ चार दिवस. आणि हे एकाच राज्याचं. गाईड म्हणाले, "क्लस्टर वापर की." मी अर्थशास्त्राची, क्लस्टर म्हटलं की मला सर्वेक्षणातला नमुना-गट आठवायचा. हा क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले, सगळ्यांनी वाटून वापरायचे पुष्कळ संगणक; त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड.

माझ्यासारख्यांसाठी हे लिहितेय. कामं रांगेत लावून नोडवर वाटणारा प्रोग्रॅम म्हणून आमच्याकडे स्लर्म आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच असतो, म्हणून त्याचंच सांगते. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.

एक भ्रम आधीच काढून टाका. क्लस्टरचा एक कोअर (प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक घटक) तुमच्या लॅपटॉपच्या कोअरपेक्षा वेगवान असेलच असं नाही. आमच्याकडे तर थोडा मंदच आहे. काम लवकर होतं ते तुकडे करून एकाच वेळी शंभर ठिकाणी चालवल्यामुळे. ज्याचे तुकडे पडत नाहीत असं काम घेऊन जाण्यात अर्थ नाही. बूटस्ट्रॅपचे तुकडे मात्र झकास पडतात.

लॉगिन केल्यावर तुम्ही जिथे पोचता तो लॉगिन नोड म्हणजे ओसरी. तिथे टेकायचं, फायली ठेवायच्या, स्क्रिप्ट लिहायची, पण चूल मांडायची नाही. मी पहिल्याच दिवशी तिथेच स्टाटा सुरू केला. वीस मिनिटांत सिस्टिम अ‍ॅडमिनचा फोन: "मॅडम, ओळी टाइप केल्या तरी अर्ध्या मिनिटाने उमटतायत म्हणून सगळ्यांचे फोन येतायत मला. ते तुमचं जे काय चाललंय ते बंद करा." काम द्यायचं ते स्क्रिप्ट लिहून, 'एसबॅच' या आज्ञेने. मग ते काम, म्हणजे जॉब, रांगेत लागतं आणि पाळी आली की एखाद्या कम्प्यूट नोडवर चालतं.

स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. पहिली ओळ बॅशची (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम), मग '#एसबॅच'ने सुरू होणाऱ्या मागण्यांच्या ओळी: किती वेळ, किती मेमरी, किती कोअर, लॉग कुठे. त्याखाली खऱ्या आज्ञा. मागण्यांची ओळ पहिल्या आज्ञेच्या खाली गेली तर स्लर्म ती वाचतच नाही, आणि तसं सांगतही नाही. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींच्या शेवटच्या अदृश्य खुणांवरून एसबॅच ती परत करेल. 'डॉस-टू-युनिक्स' ही आज्ञा फाइलवर चालवा, सुटेल. लॉगचा फोल्डर आधी तयार असावा लागतो. नसेल तर जॉब मरतो आणि का मेला ते लिहायलाही जागा उरत नाही.

वेळ आणि मेमरीची एककं नीट बघा, कारण इथे सगळे आपटतात. वेळेच्या जागी नुसतं २० लिहिलंत तर ती २० मिनिटं. मला वीस तास हवे होते. मेमरीत नुसतं ८ लिहिलंत तर ८ एमबी, त्यात स्टाटाचं नावसुद्धा मावणार नाही. तास-मिनिटं-सेकंद पूर्ण लिहा आणि मेमरीच्या आकड्यापुढे जीबीचा 'जी' लावा.

मग जास्तीत जास्त मागून ठेवावं का? नाही, आणि याचं कारण गिरणीत कळतं. समोर कुणाचं तरी वीस किलोचं दळण लागायचंय, पण त्याची ज्वारी यायला अजून अर्धा तास आहे. तुम्ही दोन किलोचा डबा घेऊन उभे असाल तर गिरणीवाला तुमचं मधे उरकून देतो. स्लर्म तेच करतो, याला बॅकफिल म्हणतात. पण तुमचं दळण किती वेळाचं आहे हे तुम्ही खरं सांगितलं तरच. धास्तीने सगळीकडे सात दिवस लिहिणारे रांगेत बसून राहतात आणि रसायनशास्त्रवाल्यांना शिव्या देतात.

खरा आकडा कळण्यासाठी आधी चाखून बघायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी तेच केलं: गोवा घेतला, दोन जीबी मागितले, बूटस्ट्रॅपच्या पाच फेऱ्या चालवल्या. मिनिटभरात निकाल. खुशीत सगळी राज्यं सोडली. सकाळी बघते तर छोटी राज्यं पार, आणि उत्तर प्रदेशापुढे 'आउट ऑफ मेमरी'. म्हण भाताला लागू पडते कारण पातेल्यातली शितं सारखी असतात. आपली राज्यं तशी नाहीत. तेव्हापासून मी दोन शितं चाखते. सगळ्यात लहान तुकडा कोड चालतो का ते बघायला, सगळ्यात मोठा तुकडा वेळ आणि मेमरी मोजायला. मोठ्याच्या चाचणीत चार-पाच फेऱ्या पुरतात. जॉब संपला की 'एसअ‍ॅक्ट' आज्ञेला 'मॅक्सआरएसएस' हा रकाना मागा: कमाल किती मेमरी लागली ते दिसतं. त्यावर पंचवीस-तीस टक्के वर धरा, बास.

माझ्या मेमरीचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. बायकांच्या फाइलमध्ये हजारो चलं असतात आणि मी राज्यवार फायली पाडताना ती सगळीच्या सगळी ठेवली होती. मॉडेलला लागत होती १४. उरलेली टाकल्यावर दोन जीबीत उत्तर प्रदेशही आरामात बसला. म्हणून जास्त मेमरी मागण्याआधी चलं गाळा.

आता तुकडे. प्रत्येक राज्याचे ५०० बूटस्ट्रॅप मी शंभर-शंभरच्या पाच भागांत वाटले: ३६ गुणिले ५, १८० जॉब. उत्तर प्रदेशाचा एक भाग म्हणजे ११०० मिनिटं, १८ तास २० मिनिटं. मी २४ तास मागितले. असे १८० जॉब हाताने द्यायचे नसतात, 'अ‍ॅरे' नावाची सोय आहे. अ‍ॅरे १ ते १८० असं लिहिलं की तीच स्क्रिप्ट १८० वेळा चालते आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक मिळतो. पुढे टक्क्याचं चिन्ह आणि २० लिहिलं की एका वेळी वीसच चालतात. हे सौजन्य म्हणून करा, शिवाय स्टाटाच्या परवान्यांची संख्या मर्यादित असते.

क्रमांकावरून राज्य कसं ओळखायचं? इथे राज्याचा कोड थेट वापरायचा मोह होतो. या फेरीत कोड १ ते ३७ आहेत आणि मधला २६ नाही, कारण दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र होऊन २५ खाली गेले. '३६ राज्यं म्हणून १ ते ३६' असं लिहिणाऱ्याला २६ वर रिकामी फाइल मिळते आणि ३७ वरचं लडाख गायब होतं. त्यापेक्षा १८० ओळींची एक यादी करा, प्रत्येक ओळीत राज्याचा कोड आणि भागाचा क्रमांक. स्क्रिप्टमध्ये 'सेड' ही आज्ञा वापरून आपल्या क्रमांकाची ओळ उचला आणि ते दोन आकडे डू-फाइलला (स्टाटाच्या आज्ञांची फाइल) द्या.

आता ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती. पहिल्यांदा निकाल आले तेव्हा उत्तर प्रदेशाच्या पाचही फायलींचा आकार बाइटपर्यंत सारखा होता. उघडून शेजारी-शेजारी लावल्या. पहिली ओळ तीच. शंभरावी ओळ तीच. शेवटच्या दशांशापर्यंत तीच. स्टाटा दर वेळी नव्याने सुरू होताना एकाच ठरलेल्या सीडपासून, म्हणजे यादृच्छिक आकडे जिथून निघतात त्या आकड्यापासून, सुरू होतो. मी सीड दिलंच नव्हतं, म्हणून पाचही जॉबांनी तेच शंभर नमुने काढले. मी ५०० बूटस्ट्रॅप समजत होते ते होते १००, पाच प्रतींत. आता सीड म्हणजे राज्याचा कोड गुणिले १०० अधिक भाग: उत्तर प्रदेश ९, भाग ३, सीड ९०३. पुन्हा चालवलं तरी तेच उत्तर येतं आणि दोन भाग कधी जुळत नाहीत. बूटस्ट्रॅप नमुना-गटांवर करत असाल तर 'आयडीक्लस्टर' हा पर्यायही द्या. नाहीतर दोनदा निवडलेलं एकच गाव मॉडेलला एकच गट वाटतं.

स्टाटाच्या आणखी दोन खोड्या. बॅचमध्ये तो डू-फाइलच्या नावाचाच लॉग चालू फोल्डरमध्ये लिहितो, म्हणजे चालू असलेले सगळे जॉब एकाच लॉगवर एकमेकांचं पुसत बसतात. प्रत्येक जॉबला आपला फोल्डर करून द्या आणि त्यात शिरूनच स्टाटा सुरू करा. दुसरी खोडी जास्त वाईट: डू-फाइल अर्ध्यात चुकून थांबली तरी स्टाटा बाहेर पडताना सगळं ठीक असल्याचा संकेत देतो, आणि स्लर्म इमानदारीत 'कम्प्लीटेड' लिहितो. आर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, आर-स्क्रिप्ट चुकली की जॉब 'फेल्ड' दिसतो. त्यांचं दुखणं म्हणजे 'डिटेक्टकोअर्स' हे कोअर मोजणारं फंक्शन: तुम्ही चार कोअर मागितलेत तरी ते अख्ख्या नोडचे मोजतं आणि चार कोअरवर चाळीस प्रक्रिया भांडत बसतात. आकडा स्लर्मच्या चलातून घ्या.

म्हणून 'कम्प्लीटेड'वर विश्वास ठेवू नका. माझ्या डू-फाइलची अगदी शेवटची ओळ एक छोटी 'झालं' नावाची फाइल लिहिते. सकाळी चहा ठेवते, लॉगिन करते आणि त्या फायली मोजते. १८० असल्या तर ठीक. परवा १७७ होत्या. यादीशी ताडून कुठले तीन क्रमांक राहिले ते काढलं, त्यांचे लॉग वाचले: तिघांनाही परवाना मिळाला नव्हता. अ‍ॅरेमध्ये तेवढेच तीन क्रमांक स्वल्पविराम देऊन लिहिले, एसबॅच दाबलं आणि चहा गाळायला गेले.