तुळजापूरच्या डोंगरावरून मिथुन उल्कावर्षाव कसा बघावा

सोलापूरकरांनी उल्का बघायला १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री धराव्यात. ऑगस्टातला ययाती तारकासमूहातला वर्षाव बहुधा ढगांत जातो. मिथुनेतला कोरड्या आभाळात येतो आणि मध्यरात्रीआधीच दिसू लागतो. पंचांगात चंद्रास्त आधी बघा. पौर्णिमा जवळ असेल, तर फक्त ठळक उल्काच दिसतील.

जागा म्हणजे तुळजापूरकडचा बालाघाट, शहरापासून साधारण ४५ किलोमीटर. नान्नज किंवा रामलिंग अभयारण्यात रात्री शिरू नका. जमीनमालकाला आणि पोलीस पाटलांना आधी कळवा. डोंगरावर बॅटऱ्या हलताना दिसल्या की वस्तीवर चोर आल्याची हाकाटी होते.

वाटाड्याने आदल्या दिवशी उजेडात वाट चालून बघावी. दहा जणांमागे दोन जाणकार हवेत, एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पायथा साडेचारला सोडा, म्हणजे सहाच्या सुमारास सूर्य मावळायच्या आत माथा गाठता येतो. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं लोकरी मोज्यांत शिरली की काढता काढता पुरेवाट होते, म्हणून जाड सुती मोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी.

माथ्यावर कड्यापासून तीस फूट आत बसा. दगड हाताने उचलू नका, खाली विंचू असतो, काठीने सरकवा. आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर एक सोलापुरी चादर, अंगावर दुसरी. खालची चादर टाळली, तर पांघरूण कितीही घेतलं तरी कातळ पाठीतली ऊब ओढून घेतो. कानटोपी, माणशी दोन लिटर पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढं पुरतं.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उघडला की ती सगळी वाया जातात, म्हणून सगळ्यांचे मोबाइल पिशवीत. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दुहेरी बांधा.

पूर्वेला मृग दिसला की त्याच्या डावीकडे खाली मिथुनेतल्या पुनर्वसूच्या दोन चांदण्या शोधा. पावणेआठच्या सुमारास त्या उगवतात. उल्का तिथून फुटल्यासारख्या वाटतात, पण तिथेच टक लावू नका. थोडं बाजूला, डोक्यावरच्या आभाळाकडे बघा, तिथे रेघा लांब दिसतात. आठ-नऊला उल्का थोड्या, पण वातावरणाला घासून जाणाऱ्या, लांबलचक. दहानंतर संख्या वाढते, अडीचच्या सुमारास सर्वाधिक. तासाला १२० उल्का असा आकडा सांगतात, तो मिथुन डोक्यावर आणि आभाळ निर्मळ असतानाचा. दहा ते बाराच्या दरम्यान त्याच्या निम्म्याहून कमी धरा. या उल्कांचे कण ३२०० फेथन या लघुग्रहाचे, सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येणारे.

अपघात होतात ते उतरताना. डोळ्यांत झोप असते, पाय थंडीने आखडलेले असतात आणि मुरूम सरकतो. निघण्याआधी दहा मिनिटं पाय मोकळे करा, आता पांढरा उजेड लावा, तोही कपाळावर. हात मोकळे हवेत. तीव्र उतारावर आडवं, टाच रोवत, एकावेळी एकानेच उतरावं, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्यावर जातो. डोकी माथ्यावर मोजा, पायथ्याशी पुन्हा मोजा. मागच्या जाणकाराने बसायची जागा बॅटरीने धुंडाळूनच पाय उचलावा. चष्मे आणि गाडीच्या किल्ल्या गवतातच राहतात.