जुन्या पिकअपच्या इंजिनातील टिकटिक कशी ओळखावी
इंजिन उघडण्याआधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी, कारण ऑइल कमी असल्यास हायड्रॉलिक लिफ्टर (इंजिनाच्या झडपा उघडणारे, ऑइलने भरणारे भाग) नीट भरत नाहीत आणि वरच्या भागातून टिकटिक येऊ लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर लिफ्टरचा आवाज बहुधा ऑइलचा दाब येताच काही सेकंदांत थांबतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातील जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) गळतीचा आवाज मात्र धातू तापून फट मिटेपर्यंत काही मिनिटे टिकतो, आणि हाच फरक मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीच्या) कडेला किंवा तुटलेल्या बोल्टजवळ काजळीचा काळा पट्टा दिसल्यास शंका उरत नाही. इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागाची) बारीक, एकसारखी टिकटिक स्वाभाविक असते. भार पडताच आवाज खोल, ठोक्यासारखा झाला, तर बेअरिंग खराब झालेले असू शकते. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे.